एल्यूसिसची बंद पडलेली वाट: इ.स.पू. ४०७ चं एक प्रकरण

इ.स.पू. ४०७ ची गोष्ट (काही अभ्यासक ४०८ धरतात). अथेन्सच्या सेनापतीकडे शंभर जहाजं तयार, समोर स्पार्टाशी चाललेलं युद्ध वाट बघतंय, एकेक दिवस महत्त्वाचा. आणि हा माणूस निघायचं थांबवतो, सगळी फौज बाहेर काढतो आणि ती एका यात्रेच्या बंदोबस्ताला लावतो. यात्रा अथेन्स ते एल्यूसिस, साधारण २१ किलोमीटर, पायी. सेनापतीचं नाव अल्किबियाडीस. आणि याच यात्रेतल्या देवतांची थट्टा केली म्हणून आठ वर्षांपूर्वी याच माणसाला याच शहराने मृत्यूची शिक्षा सुनावली होती.

ग्रीक लोकांचे सण म्हटलं की आपल्याकडे ऑलिम्पिक आणि दारूचा देव डायोनिसस यापलीकडे फारसं कोणी जात नाही. मला मात्र कोणी विचारलं की ग्रीकांच्या आयुष्यात सणाची जागा नेमकी काय होती, तर मी हेच प्रकरण सांगतो, कारण यात एक माणूस सणामुळे पडला, एका सणाच्या दिवशी परत आला, दुसऱ्या सणातून त्याने नाव परत मिळवलं, आणि हे सगळं भर युद्धात.

आधी यात्रा काय होती ते बघू, नाहीतर पुढचं कळणार नाही.

एल्यूसिस म्हणजे डिमिटर देवीचं गाव. डिमिटर धान्याची देवी, तिची मुलगी पर्सेफोनी हिला पाताळाच्या राजाने पळवून नेलं, आई तिला शोधत वणवण फिरली, पृथ्वीवर काही उगवेना, शेवटी मुलगी वर्षातले काही महिने परत मिळाली. या कथेभोवती जे विधी होते त्यांना मिस्टरीज म्हणतात. दीक्षा घेतलेल्याने आत काय पाहिलं ते बाहेर सांगायचं नाही, सांगितलं तर मृत्युदंड, आणि हे गुपित इतकं पाळलं गेलं की एल्यूसिसच्या त्या मोठ्या सभागृहात शेवटच्या रात्री नक्की काय दाखवायचे ते आजही कोणाला ठाम सांगता येत नाही. दीक्षा बायकांना मिळायची, गुलामांना मिळायची, परगावच्या ग्रीकांनाही मिळायची. अट दोनच, ग्रीक भाषा कळली पाहिजे आणि हात खुनाने विटाळलेले नकोत. लोक यायचे ते मेल्यानंतर आपलं बरं होईल या आशेने, आणि मला वाटतं ज्या धर्मात मेल्यानंतरची कल्पना एरवी एवढी उदास होती तिथे ही आशा किती मोठी असेल याचा आपण नीट विचारच करत नाही.

बोएड्रोमियोन महिन्यात, म्हणजे आपल्या भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास, हे चालायचं. पवित्र वस्तू पेटाऱ्यांतून एल्यूसिसहून अथेन्सला यायच्या, अ‍ॅक्रोपोलिसच्या पायथ्याच्या देवळात ठेवल्या जायच्या. मग जाहीर घोषणा, कोणी यायचं कोणी नाही. मग 'समुद्राकडे चला' अशी हाक, आणि दीक्षार्थी आपापलं डुकराचं पिल्लू घेऊन समुद्रावर जाऊन आंघोळ करायचे, पिल्लालाही आंघोळ, नंतर त्याचा बळी. आणि मग तो मोठा दिवस, साधारण १९ किंवा २० तारीख, जेव्हा सगळे मिळून एल्यूसिसला निघायचे.

हा रस्ता, याला पवित्र मार्गच म्हणायचे, मला स्वतःला या सगळ्यातला सगळ्यात जिवंत भाग वाटतो. केरामेइकोस भागातल्या वेशीतून बाहेर पडायचं, डोक्यावर मर्टलच्या पानांचा मुकुट, पुढे इयाखोस देवाची मूर्ती आणि हजारो लोक 'इयाख' इयाखे' असं ओरडत चाललेत. केफिसोस नदीच्या पुलावर थांबून लोक शहरातल्या मोठ्या मोठ्या माणसांना नावं घेऊन वाटेल ते बोलायचे, शिव्याच म्हणा ना, आणि तो विधीचा भाग असायचा, कोणी रागवायचं नाही. मग डोंगरातली खिंड. मग ऱ्हाइतोई नावाची खाऱ्या पाण्याची तळी, तिथे केशरी लोकरीचा धागा उजव्या हाताला आणि डाव्या पायाला बांधायचे. या तळ्यावर पूल बांधायचा ठराव ४२० च्या दशकाच्या शेवटी झाला, त्याचा शिलालेख सापडलाय, आणि त्यात लिहिलंय की पूल पाच फूटच रुंद करा, म्हणजे गाड्या जाणार नाहीत, पवित्र वस्तू घेऊन जाणारे पायीच चालतील. सरकारने पूल मुद्दाम अरुंद बांधला, बघा! चालणं हाच विधी आहे हे त्यांच्या डोक्यात इतकं पक्कं होतं. ज्याने एकदा तरी वारी केलीय त्याला हे वेगळं समजवावं लागणार नाही. अंधार पडता पडता मशाली पेटवून एल्यूसिसला पोचायचं, दिवसभराचा उपास जवाचं पीठ, पाणी आणि पुदिन्याच्या जातीची एक वनस्पती घातलेल्या पेयाने सोडायचा. इतिहासकार हेरोडोटसने तर सांगितलंय की ४८० मध्ये पर्शियन लोकांनी सगळा प्रदेश ओसाड केला होता, चालायला माणूस नव्हता, तेव्हाही सलामिसच्या लढाईआधी एल्यूसिसकडून तीस हजार माणसं चालल्यासारखा धुरळा उठला आणि त्यातून इयाखोसचा गजर ऐकू आला. खरं काय झालं असेल ते असो, लोकांची श्रद्धा होती की माणसं नसली तरी यात्रा चुकत नाही.

आता प्रकरण कुठे बिघडलं.

४१५ मध्ये अथेन्सने सिसिलीवर मोठी मोहीम काढायचं ठरवलं, तीन सेनापती: निकियास, लामाखोस आणि अल्किबियाडीस. जहाजं निघायच्या तोंडावर एका रात्रीत शहरातल्या बहुतेक सगळ्या हर्मिसच्या मूर्तींचे चेहरे कोणीतरी फोडले. या मूर्ती म्हणजे चौकोनी दगडी खांब, वर हर्मिसचं डोकं, घरांच्या दारात, देवळांच्या पुढे, चौकात उभे असायचे. हर्मिस प्रवासाचा देव, आणि फौज प्रवासाला निघालेली. शहर हादरलं. चौकशी सुरू झाली, बक्षिसं जाहीर झाली, आणि चौकशीत दुसरंच प्रकरण वर आलं, की काही श्रीमंत घरांत खासगी बैठकीत मिस्टरीजची नक्कल केली जाते. अँड्रोमाखोस नावाच्या एका गुलामाने, त्याला अभय दिल्यावर, साक्ष दिली की पुलितियोनच्या घरी हे झालं आणि त्यात अल्किबियाडीस होता. आरोपपत्रात असं होतं की तो हायरोफंटचा, म्हणजे एल्यूसिसच्या मुख्य पुजाऱ्याचा झगा घालून बसला, एक जण मशालवाला झाला, एक जण चोपदार, आणि बाकीच्यांना त्याने दीक्षार्थी म्हणून हाक मारली.

त्याने मागणी केली की निघण्यापूर्वीच खटला चालवा. विरोधकांना ते नको होतं, फौज त्याच्या बाजूची होती, म्हणून त्यांनी आधी जाऊ दिलं आणि मग सिसिलीतून बोलवायला सरकारी जहाज पाठवलं. तो वाटेत दक्षिण इटलीतल्या थुरी इथे उतरला आणि गायब झाला. पाठीमागे मृत्युदंड, मालमत्ता जप्त, आणि पुजारी-पुजारिणींनी त्याला जाहीर शाप द्यावा असा हुकूम. थियानो नावाच्या एका पुजारिणीने नकार दिला, म्हणाली की मी प्रार्थनेसाठी पुजारीण झालेय, शापासाठी नाही (हे नंतरच्या काळातला चरित्रकार प्लुटार्क याने नोंदवलंय). जप्त मालाचा लिलाव झाला आणि त्याची यादी दगडावर कोरून कुठे उभी केली तर एल्यूसिसच्या देवतांच्या अथेन्समधल्या देवळात. त्या दगडांचे तुकडे उत्खननात मिळालेत. दोषी ठरलेल्यांच्या घरातलं सामान, कपडे, गुलाम, सगळं किमतीसकट. गुन्हा ज्या देवतांचा, हिशोबही त्यांच्याच दारात. मला हे वाचून अंगावर काटा येतो कारण त्या यादीतले गुलाम कोणाचीही नक्कल करायला बसले नव्हते, तरी विकले गेले तेच.

अल्किबियाडीस गेला स्पार्टाला, शत्रूकडे. आणि तिथे त्याने जे सल्ले दिले त्यातला एक म्हणजे अथेन्सच्या प्रदेशातच डेकेलिया इथे पक्का तळ ठोका. ४१३ मध्ये स्पार्टाचा राजा एगिस याने ते केलं. डेकेलिया अथेन्सपासून जेमतेम २० किलोमीटर. आधी स्पार्टाचं सैन्य वर्षातून काही आठवडे येऊन शेतं जाळून जायचं, आता ते बारा महिने तिथेच. त्याच काळातला इतिहासकार थ्युसिडिडीस सांगतो की वीस हजारांहून जास्त गुलाम पळून गेले, गुरंमेंढरं गेली, आणि अथेन्स हे शहर न राहता किल्ला झाला.

आणि एल्यूसिसचा पायी रस्ता बंद. यात्रेच्या काळात युद्धबंदी जाहीर करायची जुनी पद्धत होती, पण शत्रूचा तळ एवढा जवळ असताना कोणी त्या भरवशावर हजारो लोक उघड्यावर काढायला तयार नव्हतं. मग पुढची वर्षं यात्रा समुद्रातून, बोटीने. देवतांची पूजा झाली, दीक्षा झाल्या, पण वाटेवरचे बळी, नाच, थांबे, इयाखोसला नेताना जे जे करायचं ते बरंचसं सुटलं. पाच फुटी पुलावरून चालणारं कोणी नव्हतं.

इथे थांबून एक गोष्ट नीट लक्षात घ्या कारण मला या प्रकरणाचं मर्म हेच वाटतं. नक्कल केल्याचा आरोप अल्किबियाडीसवर खरा होता की राजकीय, यावर कितीही वाद घालता येईल. पण यात्रेची वाट बंद पडली ती मात्र त्याच्या सल्ल्याने, यात वाद नाही. म्हणजे ४१५ मध्ये ज्या देवतांचा अपमान केल्याचा आरोप होता, त्यांचं खरंखुरं नुकसान त्याने ४१३ मध्ये केलं, आणि तेही देवतांशी काही संबंध नसलेल्या लष्करी सल्ल्यातून.

पुढचं भरभर सांगतो. स्पार्टाशी त्याचं बिनसलं, तो पर्शियन सुभेदाराकडे गेला, तिथून सामोस बेटावरच्या अथेन्सच्या आरमाराने त्याला ४११ मध्ये आपला सेनापती केलं, ४१० मध्ये सिझिकसला मोठा विजय मिळाला, आणि ४०७ मध्ये तो पायरियस बंदरात परतला. त्याच काळातला लेखक झेनोफन सांगतो की जहाज किनाऱ्याला लागलं तरी तो लगेच उतरला नाही, डेकवर उभा राहून गर्दीत आपली माणसं आहेत का बघत राहिला, आणि चुलतभाऊ युरिप्टोलेमोस आणि नातेवाईक दिसले तेव्हाच खाली आला.

पण तो दिवस कोणता होता? थार्गेलियोन महिन्याची २५, म्हणजे साधारण वैशाख-ज्येष्ठ, प्लिन्टेरियाचा सण. या दिवशी अथेनाच्या जुन्या लाकडी मूर्तीची वस्त्रं, दागिने उतरवायचे, मूर्ती झाकून ठेवायची, प्राक्सिएर्गिदाई घराण्यातले लोक गुप्त विधी करायचे. देवी त्या दिवशी शहराकडे बघत नाही. म्हणून वर्षातला सगळ्यात अशुभ दिवस, कोणीही अथेन्सवाला त्या दिवशी महत्त्वाचं काम हातात घ्यायचा नाही. आणि हा आठ वर्षांनी त्याच दिवशी दारात. लोक हार घालत होते, जयजयकार चालला होता, आणि त्याच गर्दीत काही जण कुजबुजत होते की देवीने याला तोंड दाखवलं नाही, चेहरा झाकून घेतला. त्याने मुद्दाम केलं नसणार, वारा आणि वल्ही कॅलेंडर बघून चालत नाहीत, पण एवढा हुशार माणूस एक दिवस समुद्रात थांबला का नाही हा प्रश्न मला नेहमी पडतो. बाहेर इतकी वर्षं काढल्यावर आपल्या शहराची तिथी विसरली असेल, असं मला वाटतं, आणि हे फार माणसासारखं आहे.

सभेत त्याने भाषण केलं, आपण देवतांचा अपमान केलेला नाही असं सांगितलं. सोन्याचे मुकुट मिळाले, मालमत्ता परत, सर्वाधिकारी सेनापतीपद. त्याची शिक्षा कोरलेले दगड समुद्रात बुडवले. आणि एल्यूसिसचे विधी ज्यांच्याकडे वंशपरंपरेने होते त्या युमोल्पिदाई आणि केरिकेस घराण्यांना सांगितलं की शाप मागे घ्या. सगळ्यांनी घेतला. फक्त थिओडोरोस, तो हायरोफंट होता, म्हणाला की त्याने शहराचं काही वाईट केलं नसेल तर मी त्याला शाप दिलेलाच नाही. केवढं मोजून बोललेलं वाक्य आहे हे! शाप मागेही घेतला नाही, ठेवलाही नाही, 'नसेल तर' एवढ्यावर टांगून ठेवला.

म्हणजे सप्टेंबर जवळ आला तेव्हा परिस्थिती अशी: कायद्याने सगळं माफ, सभेने सगळं दिलं, पण अथेनाचा झाकलेला चेहरा आणि हायरोफंटचं ते 'नसेल तर' शिल्लक.

त्याच्यापुढे वाटा काय होत्या? जहाजं घेऊन सरळ निघून जाणं, यात्रा बोटीने होत होतीच, कोणी काही म्हटलं नसतं. डेकेलियावर हल्ला करून मुळावर घाव घालणं, पण भक्कम तटबंदीसमोर ते फार महागात पडलं असतं. किंवा तिसरी, जी त्याने निवडली, फौजेच्या पहाऱ्यात यात्रा जमिनीवरून न्यायची. प्लुटार्क त्याचा विचार असा मांडतो की एगिस गप्प बसला तर त्याची पत जाईल, आणि त्याने हल्ला केला तर देवतांसाठी, स्वतःच्या गावाच्या डोळ्यांसमोर लढायची लढाई मिळेल, सगळे नागरिक साक्षीला. दोन्हीकडून फायदा. हिशोबी आहे, मान्य. पण मला त्यातलं पुढचं पाऊल जास्त महत्त्वाचं वाटतं: त्याने आधी युमोल्पिदाई आणि केरिकेस यांना विचारलं, आपला बेत सांगितला. ज्यांनी शाप दिला त्यांच्याच संमतीने. सर्वाधिकारी सेनापती होता, हुकूम सोडता आला असता.

मग त्या दिवशी पहाटे डोंगरांच्या माथ्यावर टेहळे बसवले. फौजेची एक तुकडी पुढे पाठवली. मग पुजारी, दीक्षार्थी, दीक्षार्थ्यांना घेऊन जाणारे मार्गदर्शक यांना मध्ये घेतलं, भोवती शस्त्रधारी सैनिक, आणि सगळे शिस्तीत, शांतपणे चालू लागले. प्लुटार्क 'शांतपणे' हा शब्द वापरतो आणि मी त्यावर बराच वेळ अडकलो होतो, कारण ही यात्रा एरवी गजराची, मशालींची, पुलावरच्या शिव्यांची. ज्यांच्या वाढत्या वयात रस्ता बंद होता अशी मुलं त्या दिवशी पहिल्यांदा पायी गेली असतील, आणि म्हाताऱ्यांना प्रत्येक थांबा आठवत असेल.

डेकेलियाहून कोणी आलं नाही. एगिस का आला नाही याचं उत्तर लष्करी असू शकतं. पण दीक्षार्थ्यांच्या मेळ्यावर शस्त्र चालवणं सगळ्या ग्रीक जगात महापाप ठरलं असतं, कारण या दीक्षा सगळ्या ग्रीकांना खुल्या होत्या, आणि स्पार्टाचे लोक तर सणासुदीच्या बाबतीत फारच काटेकोर, मॅरेथॉनच्या लढाईच्या वेळी पौर्णिमा व्हायची होती म्हणून त्यांची फौज वेळेत निघाली नव्हती. अल्किबियाडीस त्यांच्यात राहून आला होता, त्याला हे पक्कं माहीत होतं.

सैन्य परत आलं तेव्हा लोकांच्या नजरेत तो नुसता सेनापती उरला नव्हता. लोक त्यालाच हायरोफंट म्हणू लागले. ज्याच्यावर आरोप होता की हायरोफंटचा झगा घालून नक्कल केली, त्यालाच आता लोक प्रेमाने तो मान देतायत. गरीब वर्गातले काही तर म्हणाले की सभा-कायदे बाजूला ठेव आणि तूच राज्य कर. त्यामुळे शहरातले मोठे लोक घाबरले आणि त्याला लवकर जहाजावर चढवून द्यायच्या मागे लागले.

माझं मत विचाराल तर यात्रेची योजना निर्दोष होती, आणि तिने जे दुरुस्त करायचं ते केलं. वाट उघडली. पण त्याने यातून जी पत कमावली ती आता यशाला बांधलेली होती: एवढं सगळं केलेल्या माणसाला अपयश येऊच कसं शकतं? काही महिन्यांतच नोशनला, तो स्वतः तिथे नसताना, त्याचा सुकाणूधारी अँटिओखोस हुकूम मोडून स्पार्टाचा सेनापती लायसँडर याच्या आरमारावर गेला आणि पंधरा जहाजं गमावली. एवढ्या मोठ्या युद्धात पंधरा जहाजं फार नव्हेत. पण अल्किबियाडीस पुन्हा निवडून आला नाही, तो थ्रेसमधल्या आपल्या गढीत निघून गेला आणि अथेन्सला परत कधी आला नाही. प्लिन्टेरियाच्या दिवशी कुजबुजणाऱ्यांना तेव्हा काय वाटलं असेल सांगायला नको.

४०५ च्या हिवाळ्यात, तेही सणातच, अ‍ॅरिस्टोफेनीसचं 'बेडूक' हे नाटक झालं. त्यात पाताळात दीक्षार्थ्यांचा मेळा इयाखोसचा गजर करत येतो, आणि शेवटाकडे दोन मेलेल्या कवींना विचारलं जातं की अल्किबियाडीसचं काय करायचं, शहर त्याच्यासाठी झुरतं, त्याचा तिरस्कार करतं, आणि तरी त्याला तो हवाय. प्रेक्षकांत त्या दिवशी पहाऱ्यात चाललेले किती जण बसले असतील! त्याच वर्षी अथेन्सचं आरमार शत्रूच्या हाती पडलं, ४०४ मध्ये अथेन्स शरण गेलं, अल्किबियाडीस फ्रिजियात मारला गेला, आणि अथेन्सवर तीस जणांची जुलमी सत्ता आली.

४०३ मध्ये पायरियसजवळ अथेन्सवालेच अथेन्सवाल्यांशी लढले. लढाई थांबली, दोन्हीकडचे लोक प्रेतं उचलायला एकमेकांजवळ आले, बोलायला लागले. तेव्हा लोकशाहीवाल्यांच्या बाजूचा क्लिओक्रिटोस पुढे झाला. तो मिस्टरीजच्या दीक्षार्थ्यांचा चोपदार, आवाज खणखणीत. त्याने सगळ्यांना गप्प केलं आणि विचारलं की आम्हाला का हाकलता, का मारता, आम्ही तुमचं कधी वाईट केलं नाही, तुमच्याबरोबर सगळ्यात पवित्र विधी केले, बळी दिले, सगळ्यात सुंदर सण केले, एकत्र नाचलो, एकत्र शिकलो, एकत्र लढलो. झेनोफन लिहितो की समोरच्या बाजूच्या उरलेल्या पुढाऱ्यांनी आपल्या लोकांना घाईघाईने शहरात परत नेलं, कारण ते हे ऐकत होते.